दहाच्या नोटेवरची तीन जनावरं

बोरीकाठचा (शनिवार, रात्री ९.१०)

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण आधी किस्सा सांगतो.

आमची आई पारोळा तालुक्यात, गावीच असते. वय पंच्याहत्तरच्या आसपास. अक्षरओळख नाही, पण हिशोबात कुणाला ऐकायची नाही. आठवडे बाजारात वांगी, मेथी, मिरच्या विकून आम्हा तिघांना शिकवलं. नोट ओळखायची तिची स्वतःची रीत आहे. पाचाची ट्रॅक्टरवाली, विसाची नारळवाली, शंभराची डोंगरवाली आणि दहाची वाघवाली. दहाच्या नोटेवर वाघासोबत हत्ती आणि गेंडाही आहे, पण तिच्या लेखी ती वाघाचीच नोट. गेंड्याला ती 'शिंगवाला डुक्कर' म्हणते.

मागच्या आठवड्यात गावी गेलो तर ही घुश्शात. चहासुद्धा विचारला नाही. मग स्वतःच उठून दादरच्या (ज्वारीच्या) कोठीत हात घातला आणि खालून एक पितळी डबा काढला. आत दहाच्या नोटा, सगळ्या वाघवाल्या. मोजल्या तर त्रेचाळीस. ज्वारीचा असा वास बसला होता की नोटा वाटीत घेऊन दळायला द्याव्यात. झालं असं होतं की तालुक्याच्या गावात एका दुकानदारानं तिची नोट परत केली आणि वर म्हणाला, "मावशी, जनावरांच्या नोटा बंद झाल्या, आता चाकाच्या चालतात."

आई मला विचारते, "आते हिनावर चाक शे. मंग वाघ कथा गया?" (आता हिच्यावर चाक आहे, मग वाघ कुठे गेला?)

मी म्हटलं, बंदबिंद काही नाही, दुकानदार येडा आहे. पण वाघ का गेला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेच इथं विचारतोय. आपल्या नोटांवर कोणकोणती रानातली जनावरं होती, केव्हा आली, केव्हा गेली? आणि दुसऱ्या देशांत काय आहे?

धुळेकर_७७ (शनिवार, रात्री ९.३२)

आधी आईला निरोप द्या की नोटा चालतात. नवी चॉकलेटी दहाची, कोणार्कच्या चाकाची, जानेवारी २०१८ मध्ये आली. जुनी केशरी-जांभळट रद्द केलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये अफवा उठली होती की जुन्या १००, १० आणि ५ च्या नोटा मार्चपासून बंद होणार. रिझर्व्ह बँकेनं लगेच खुलासा केला की असं काही नाही. अफवा मेली, पण दुकानदारांच्या डोक्यात अजून जिवंत दिसते. आमच्याकडे दहाचं नाणंही घेत नाहीत काही लोक. नोट घेत नाहीत, नाणं घेत नाहीत, मग दहा रुपये द्यायचे तरी कसे, शेंगदाण्यात?

नोटवेडा (शनिवार, रात्री १०.१५)

अमळनेरहून. वीस वर्षं नोटा गोळा करतोय, घरातले वैतागलेत, त्यामुळे असा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं. जरा लांब लिहितो.

तुमच्या आईची नोट १९९६ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेतली. पुढे गांधीजी, मागे गेंडा, हत्ती आणि वाघ. पण त्या मालिकेत इतर कुठल्याही नोटेवर जनावर नव्हतं. पाचावर ट्रॅक्टर, विसावर अंदमानचा दीपस्तंभ आणि माड, पन्नासावर संसद, शंभरावर कांचनगंगा, पाचशेवर दांडीयात्रा. म्हणजे सगळं रान एकट्या दहाच्या नोटेत भरलं होतं.

त्याआधीची गोष्ट याहून रंगतदार आहे. स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाच्या नोटा आल्या तेव्हा दोन रुपयांच्या नोटेवर मागे वाघ होता. पाचावर हरणं. दहावर शिडाचं जहाज. शंभराच्या सुरुवातीच्या नोटेवर हत्ती. मग एकेक करत ही मंडळी उठली. शंभरावरचा हत्ती जाऊन हिराकूड धरण आलं. पाचावरची हरणं जाऊन ट्रॅक्टर आला. दोनवरचा वाघ जाऊन आर्यभट्ट उपग्रह आला. उपग्रह १९ एप्रिल १९७५ ला सुटला, आणि काही काळात नोटेवरून वाघ सुटला. एक रुपयाच्या नोटेवर समुद्रातला तेलाचा फलाट आला. फक्त दहाच्या नोटेवर जहाजाच्या जागी मोर आले, तेवढाच एक पक्षी.

तेव्हा आईंना सांगा, वाघ पहिल्यांदा गेलेला नाही. एकदा उपग्रहानं घालवला, वीस वर्षांनी दहाच्या नोटेवर परत आला, आता चाकानं घालवला. ज्या काळात देशाला जे मिरवायचं असतं ते नोटेमागे येतं. आधी रान, मग धरण, ट्रॅक्टर, उपग्रह, आणि आता स्मारकं. दहावर कोणार्क, विसावर वेरूळ, पन्नासावर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. दोन हजारावर मंगळयान होतं, ती नोट २०२३ च्या मे महिन्यात परत घ्यायचं जाहीर झालं.

भुसावळ_जंक्शन (शनिवार, रात्री १०.४८)

नोटवेडे साहेब, दोनची वाघाची नोट मी वापरली आहे. रेल्वेत चिकटलो तेव्हा पगारात यायची. आमचे एक मुकादम होते, ते वाघाची नोट वर ठेवून गड्डी बांधायचे. म्हणायचे, वाघ वर असला की हात घालणारा दोनदा विचार करतो. त्यांचा खिसा दोनदा मारला गेला, ते वेगळं.

एक गोष्ट इथल्या कापूसवाल्यांसाठी. नोटेला आपण कागद म्हणतो, पण तो लाकडाच्या लगद्याचा नसतो, शंभर टक्के कापसाचा असतो. म्हणून तर धोतराच्या कनवटीला महिनाभर राहूनही नोट टिकते, आणि चुकून धुतली तरी वाळवून चालते. नोटांचा कागद होशंगाबादच्या गिरणीत व्हायचा आणि छपाई नाशिकला. नाशिकला तर १९२८ पासून नोटा छापतात. नकाशा काढून बघा, होशंगाबाद ते नाशिक रेल्वेनं जायचं तर मधे आमचं भुसावळ लागणारच. कोरे वाघ आमच्या फलाटावरून गेले असतील, आम्हाला पत्ता नाही.

बोरीकाठचा (रविवार, सकाळी ७.२०)

नोटवेडे भाऊ, धन्यवाद. आईला फोनवर वाचून दाखवलं. दोनची वाघाची नोट तिला लख्ख आठवते. तिच्या लग्नात तिच्या आईनं ओटीत टाकली होती. "मन्ही मायनी वटीमा टाकेल व्हती," म्हणाली, आणि मग एकदम गप्प झाली. ती नोट कुठे गेली विचारलं, तर म्हणे त्याच साली बैल आजारी पडला त्यात गेली.

केळीवाला_फैजपूर (रविवार, सकाळी ८.०५)

मी काही नोटा जमवणारा नाही, केळीचा माणूस. पण नेपाळच्या नोटांबद्दल सांगू शकतो, कारण आमचा ड्रायव्हर गोरखपूरकडे माल घेऊन जातो आणि एकदा सोनौलीला सीमा ओलांडून पशुपतीनाथ करून आला. येताना माझ्या पोरासाठी नोटांचा सेट आणला. समोर ठेवून लिहितोय.

पाचाच्या नोटेवर याक. दहावर काळवीट. विसावर बारशिंगा. पन्नासावर हिमबिबट्या. शंभरावर गेंडा. पाचशेवर वाघ, दोन आहेत, पाणी पिताहेत. हजारावर हत्ती. म्हणजे पोराला नोट कितीची ते अंक न वाचता कळतं. बोरीकाठच्या आईसाहेबांनी नेपाळात दुकान टाकावं, कुठल्या अक्षराची गरज नाही. एकच सांभाळायचं, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, त्यामुळे वाघ दिसला म्हणून लगेच श्रीमंत समजू नये.

आणि एक. ड्रायव्हर सांगत होता की जुन्या नोटांवर पुढच्या बाजूला राजा होता. राजेशाही गेली, राजाच्या जागी एव्हरेस्ट आला. मागची जनावरं मात्र बहुतेक तशीच.

धुळेकर_७७ (रविवार, सकाळी ८.३१)

वा! तिकडे राजा गेला, जनावरं राहिली. इकडे पुढचे गांधीजी कायम आणि जनावरं गेली.

पाटणादेवीचा (रविवार, सकाळी १०.४०)

सगळी चर्चा वाघावर चाललीय म्हणून चाळीसगावकडून एक तक्रार. बिबट्या एकदाही आपल्या नोटेवर आला नाही. आणि इथं आमच्याकडे वाघ कुणी पाहिलाय? बिबट्या मात्र रोजचा. गौताळा-औट्रम घाटाचं जंगल आमच्या उशाशी. उसात, केळीत, मक्यात, कुठेही बसतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर रात्रभर आवाज येत होता. सकाळी पाहिलं तर कुत्र्याची साखळी होती, पट्टा होता, कुत्रा नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत मात्र बिबट्याला मान आहे. तिथं १९९० नंतर नोटांवरून जुना गोरा माणूस उतरवून पाच जनावरं आणली. दहाच्या रँडवर गेंडा, विसावर हत्ती, पन्नासावर सिंह, शंभरावर रानम्हैस आणि सगळ्यात मोठ्या दोनशेच्या नोटेवर बिबट्या. या पाचांना ते बिग फाईव्ह म्हणतात. पायी शिकार करायला जी पाच जनावरं सगळ्यात घातकी, ती ही. म्हणजे नाव शिकाऱ्यांनी दिलेलं आणि मान मिळाला नोटेवर. २०१२ ला पुढच्या बाजूला मंडेला आले, जनावरं मागे गेली पण हटली नाहीत. २०२३ च्या नव्या नोटांवर तर पिल्लांसकट आली.

आमच्याकडे पिल्लांसकट बिबट्या उसात सापडतो. वनखात्याचे लोक येऊन पिल्लं परत तिथंच ठेवतात, आई न्यायला येते. त्याची नोट नाही निघत.

सातपुड्याचा_पावरा (रविवार, दुपारी १.१५)

धडगावकडून. वाघ कुणी पाहिलाय म्हणून विचारलंत. पूर्वेला मुक्ताईनगरच्या बाजूला, वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलात आहे वाघ, केळीच्या बागेत शिरलेला लोकांनी पाहिला आहे. आमच्या नंदुरबारच्या सातपुड्यात आता नाही म्हणतात. पण वाघदेव आहे.

गावाच्या शिवेवर दगड किंवा लाकडाचा खांब असतो, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. ढोरं सांभाळ, माणसाला हात लावू नको, एवढंच त्याच्याकडे मागणं. नारळ, शेंदूर, कोंबडा. माझ्या लहानपणी आज्यानं त्याच्यासमोर दहाची नोट ठेवली होती, वाघाची बाजू वर करून. मी विचारलं, उलटी का ठेवली, गांधीबाबा खाली गेला. आजा म्हणाला, "ज्याचं त्याला दाखवायला नको?"

बाकी इंग्रजांनी इथले वाघ कसे संपवले तेही लक्षात असू द्या. १८२५ पासून आउट्राम साहेबाची भिल्ल पलटण खानदेशात होती. त्यानं आमच्याच लोकांना हाताशी धरून आमच्याच देवाच्या शिकारी केल्या, आणि त्यात नाव कमावलं.

जिन्सी_फॅक्टरीवाला (रविवार, दुपारी १.५०)

माझी एक सूचना नोंदवा. नोटेवर रोही (नीलगाय) छापावा. खानदेशातलं एकच जनावर असं आहे की जे खरोखर पैसे खातं. रात्रीतून चार एकर हरभरा. नोटेवर छापला तर निदान आपले पैसे कुठे गेले त्याचा फोटो तरी राहील.

नोटवेडा (रविवार, सायंकाळी ५.३०)

रोही मंजूर. डुकराचाही अर्ज येईल, तयार राहा.

पावरा भाऊ, तुमच्या आज्यानं नोट उलटी ठेवली त्यावरून आठवलं. वाघ नोटेवरून गेला हे अर्धसत्य आहे. नोट परत बघा. रिझर्व्ह बँकेचा शिक्का आहे ना, त्यात ताडाचं झाड आणि त्याखाली वाघ. तो कुठल्याच नोटेवरून गेलेला नाही, चाकाच्या नोटेवरसुद्धा आहे.

आणि त्या शिक्क्याची गंमत. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. शिक्का काय ठेवायचा? ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहर या सोन्याच्या नाण्यावर सिंह आणि ताडाचं झाड होतं, ते पसंत पडलं. फक्त सिंहाऐवजी वाघ घ्यायचा ठरलं, कारण वाघ जास्त हिंदुस्थानी. मग चित्रं आली. तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांनी ती पाहून कळवलं की हा वाघ कुत्र्याच्या एखाद्या जातीसारखा दिसतो, आणि कुत्रा आणि झाड असं चित्र पाहून टवाळखोरांना आयतं कोलीत मिळेल! शेवटी कलकत्त्याच्या बेल्वेडिअरच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता, त्यावरून चित्र सुधारलं. तरी टेलर साहेब पूर्ण खूश नव्हतेच.

योगायोग बघा, व्याघ्र प्रकल्पही १ एप्रिललाच सुरू झाला, १९७३ ला. म्हणजे जेव्हा जंगलातला वाघ वाचवायला घेतला, नेमका त्याच सुमारास दोन रुपयांवरचा वाघ उपग्रहाला जागा द्यायला निघाला.

मिन्स्कला_शिकलेला (रविवार, सायंकाळी ६.१२)

कुत्र्याचा विषय निघाला म्हणून ब्राझील. तिथं १९९४ पासून रिआल नावाचं चलन आहे आणि जवळजवळ सगळ्या नोटांवर जनावरं. कासव, बगळा, मॅकॉ पोपट, सोनेरी माकड, पन्नासावर जग्वार, शंभरावर मासा. विसावरचं माकड तर लोकांनी कौल देऊन निवडलं. २००० साली घेतलेल्या त्या कौलात तिसरा आला होता लांब पायांचा लांडगा, त्याला वीस वर्षं थांबावं लागलं आणि २०२० ला दोनशेच्या नोटेवर जागा मिळाली. तेव्हा लोकांनी धमाल उडवली. लांडगा कशाला, आमचा गल्लीतला तांबूस गावठी कुत्रा छापा, म्हणून मोहीमच काढली. बँकेनं ऐकलं नाही. टेलर साहेबांना आनंद झाला असता.

मी डॉक्टरकीला बेलारूसला होतो. तिथं १९९२ ला निघालेल्या पहिल्या नोटांपैकी शंभर रुबलपर्यंतच्या सगळ्या जनावरांच्या. अर्ध्या रुबलवर खार, एकावर ससा, तीनवर बीव्हर, पाचावर लांडगा, दहावर लिंक्स, शंभरावर गवा. पैशाचा भाव असा घसरला की सशाची नोट काही कामाची राहिली नाही, पण लोक त्या चलनालाच 'ससा' म्हणायला लागले. घरमालकीण आजी अजून म्हणायची, इतके इतके ससे दे. भाडं ससे मोजून दिल्यासारखं वाटायचं. एक सशाची नोट मी तिच्याकडून मागून आणली. लहानशी आहे, ससा उडी मारतोय.

माहेर_एरंडोल (रविवार, रात्री ८.५०)

सगळे पुरुष नोटा जमवताहेत, आम्ही बायका त्यांचं काय करतो ते सांगते. नवरदेवाचा नोटांचा हार. माझ्या भावाच्या लग्नात एकशे एक नोटांचा हार मी आणि मावशीनं रात्री बसून केला. दहाची नोट पंख्यासारखी चुण्या घालून मधे दोऱ्यानं बांधायची, मग रिबनीवर टाचायची. चुण्या घातल्या की नोटेचं मधलं सगळं दडतं, कडा तेवढ्या दिसतात. मावशीचा हट्ट की वाघ दिसला पाहिजे. मग एकेक नोट फिरवून फिरवून चुण्या अशा घातल्या की वाघ एका टोकाला बाहेर राहील. पहाटे तीन वाजले. आणि मांडवात नवरदेवाच्या मित्रांनी वरात निघायच्या आत त्यातल्या बारा नोटा ओढून पान खाल्लं.

तेव्हापासून त्या नोटांना मधे टाचणीची भोकं दिसली की वाटतं, ही कुणाच्या तरी हारातून आलीय.

गोंधळलेला_पारोळेकर (रविवार, रात्री ९.४०)

लिहू की नको असं चाललं होतं. पण वर दोनच्या वाघाच्या नोटेचं कौतुक वाचून कुणी फसू नये म्हणून लिहितो.

माझ्याकडे वडिलांची दोनची वाघाची आणि पाचाची ट्रॅक्टरची नोट होती. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, ट्रॅक्टरच्या नोटेचे सव्वा लाख, वाघाच्या नोटेचे तीन लाख. नंबरवर फोटो पाठवले. समोरून रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र आलं, तोच ताड आणि वाघ! आधी नोंदणीचे ९५० भरा. भरले. मग कराचे ६,८०० भरा. भरले. मग गाडीचं भाडं. तिथं बायकोनं फोन हिसकावला. नोटा अजून घरात आहेत, पैसे गेले.

नोटवेडा (रविवार, रात्री १०.०२)

लाजू नका भाऊ, फार जणांचं झालंय. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सांगितलं की आमचं नाव आणि शिक्का वापरून काही जण जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत दलाली आणि कर मागताहेत. आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला असले पैसे गोळा करायला नेमलेलं नाही, असं स्पष्ट सांगितलंय. सायबर पोलिसांकडे तक्रार मात्र करा, १९३० हा नंबर त्यासाठीच आहे.

नियम एकच. नोट तुमची आणि पैसेही आधी तुम्हीच भरायचे, असं कुणी म्हणालं की समजा, हा वाघ नाही, तरस आहे. ट्रॅक्टरची नोट चलनात लाखोंनी फिरली आहे, तिला सव्वा लाख कोण देईल? खरा गोळा करणारा माणूस हातात घेऊन, उजेडात धरून, घडी पाहून, मग घासाघीस करतो. मी तर चहासुद्धा समोरच्याचा पितो.

केळीवाला_फैजपूर (सोमवार, सकाळी ६.५५)

एक अडचण. कामगारानं पगारातली दहाची नोट खिशात ठेवून शर्ट वायरीत अडकवला, नोट फाटून दोन तुकडे. मोठा तुकडा त्याच्याकडे आहे, त्यावर हत्ती शाबूत. वाघाचा तुकडा शेतात उडाला. बँक घेईल का?

धुळेकर_७७ (सोमवार, सकाळी ७.३०)

घेईल. विसापर्यंतच्या नोटांना सोपा नियम आहे. सर्वांत मोठा अखंड तुकडा नोटेच्या निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही. त्यात कुठलं जनावर आहे ते बघत नाहीत, क्षेत्रफळ बघतात. कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, स्वतःची शाखा लागत नाही.

भाषाभाऊ_अमळनेर (सोमवार, सकाळी १०.१०)

जनावरांकडे सगळ्यांनी पाहिलं, बाजूच्या पट्टीकडे कुणी नाही. मागच्या बाजूला पंधरा भाषांत 'दहा रुपये' लिहिलंय. आसामीपासून उर्दूपर्यंत, मराठी वरून आठवी. अहिराणी नाही. बोरीकाठच्या माउलींना वाघ कथा गया हे विचारता येतं, आम्हाला अहिराणी कथा गयी हे विचारायला नोटच नाही.

प्रशासक (सोमवार, सकाळी ११.००)

भाषेचा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथं जनावरांवर राहूया. फसवणुकीच्या प्रतिसादातले फोन नंबर काढून टाकले आहेत.

भाषाभाऊ_अमळनेर (सोमवार, सकाळी ११.०४)

बरं. जनावरांनाही भाषा असते, एवढंच म्हणतो आणि थांबतो.

बोरीकाठचा (पुढचा रविवार, रात्री ९.००)

काल गावी जाऊन आलो. आधी आईला घेऊन त्या दुकानात गेलो. भांडायचं ठरवलं होतं, पण दुकानदार वयानं माझ्याहून लहान निघाला आणि आईला पाहताच उठून खुर्ची दिली. "मावशी, मले काय माहीत, वरून परत करता," म्हणाला. म्हणजे त्याचाही घाऊक व्यापारी घेत नाही. त्याच्यासमोर दोन नोटा त्याच्याच गल्ल्यात टाकल्या, मसाल्याचं पाकीट घेतलं. घेतल्या त्यानं.

बाकीच्या एकेचाळीस बँकेत दिल्या. काउंटरवरच्या बाईंनी आधी नोटांचा वास घेतला, मग मशीनला लावल्या. मशीननं दोनदा अडवलं, ज्वारीची कणी अडकली होती. बदल्यात विसाच्या वीस नोटा आणि दहाची एक चाकाची दिली.

आईनं चाकाची नोट बघून "गाडाना चाक" म्हणून बाजूला ठेवली. मग हिरवट-पिवळी विसाची उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं जनावर शोधतेय.

"हाई वेरूळ शे का?"

मी म्हटलं, हो, तुला कसं कळलं?

तर म्हणे, "आठे तं मी जाई येल शे." श्रावणात घृष्णेश्वराला गेली होती, चाळीसगावहून घाट उतरून, एसटीनं, तुमच्या बापासोबत, लेणीपाशी बसून दशम्या खाल्ल्या. वाघवाली नोट इतकी वर्षं वापरली, वाघ एकदाही पाहिला नाही, आणि या नव्या नोटेवर ती स्वतः जाऊन आलेली.

वीसही नोटा मोजून डब्यात गेल्या. डबा परत दादरच्या कोठीत.

पाटणादेवीचा (पुढचा रविवार, रात्री ९.२२)

भाऊ, चाळीसगावहून वेरूळला जाताना घाट चढतात, उतरत नाहीत. बाकी सगळं बरोबर.

बोरीकाठचा (पुढचा रविवार, रात्री ९.२५)

आईला विचारून सांगतो. ती झोपलीय, उठली की म्हणेल येताना म्हटलं होतं.

केळीवाला_फैजपूर (पुढचा रविवार, रात्री ९.४१)

ड्रायव्हर पुढच्या महिन्यात पुन्हा गोरखपूरला जातोय. आईसाहेबांसाठी नेपाळची पाचशेची मागवतो, दोन वाघांची. पैसे नकोत, मेथी चालेल.